तिथे काहीच नाही

“अजून एक जागा आहे. इथून पाच मिनिटांवर. पण तिथे काहीच नाही,” असे म्हणून त्या बाई गाडी सुरू न करता मागे वळून आमच्याकडे पाहत राहिल्या. मी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. पाच वाजत आले होते, सकाळपासूनच्या चालण्याने पावले जड झाली होती, आणि अंधार पडला की वोल्जीच्या तळ्यातली दिव्यांची प्रतिबिंबे चुकवू नका असे मुलाने दोनदा बजावले होते. “राहू द्या,” मी म्हणाले, “काही नसेल तर कशाला उगाच वाट वाकडी करायची?” त्या “बरे” म्हणाल्या, मांडीवरची प्लास्टिकच्या पानांची फाइल मिटून बाजूच्या आसनावर ठेवली आणि गाडी सुरू केली. घडले ते एवढेच. मात्र फाइल मिटताना वरच्या पानावरच्या चित्राचा एक कोपरा मला दिसला होता. एकावर एक चढत गेलेली, कोपऱ्यांशी किंचित उचललेली छपरे. मायदेशी परतून सहा महिने झाले, तरी तो कोपरा डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलगा दोन वर्षांपासून दक्षिण कोरियात, उल्सानला, जहाजबांधणीच्या कारखान्यात नोकरी करतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने आमच्यासाठी ग्योंगजूची, म्हणजे सिल्ला राज्याच्या जुन्या राजधानीची, एका दिवसाची खासगी सहल ठरवली. एक गाडी, दोन पाहुणे, आणि गाडी चालवण्यापासून इतिहास सांगण्यापर्यंत सगळे स्वतःच करणाऱ्या साठीच्या आसपासच्या मार्गदर्शक. पूर्वी त्या शाळेत इतिहास शिकवत असत हे कळल्यावर मी त्यांना मनातल्या मनात ‘बाई’च म्हणू लागले. आजवर मी चाळीस-चाळीस माणसांच्या सहलींमधून हिंडले आहे. तिथे पुढे कोणीतरी रंगीत छत्री उंचावून चालत असते आणि आपण मागच्या रांगेत निवांतपणे आपल्याच विचारांत राहू शकतो. इथे मागची रांगच नव्हती. बोलता बोलता बाई आमच्या चेहऱ्यांकडे पाहायच्या, आणि डोळ्यांत जराशी चमक दिसली की तो धागा पुढे न्यायच्या, नाही दिसली की अर्ध्यात सोडून द्यायच्या. कोणी आपल्याकडे इतके लक्ष देऊन बोलत आहे, या जाणिवेने सुरुवातीचा तासभर मी अवघडून गेले होते. शिवाय अशा सहलीत दिवस आपल्या मालकीचा असतो. त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवायचा अधिकार पाहुण्याकडे असतो, आणि तो अधिकार किती सहज वापरला जातो हे वापरून झाल्यावरच समजते.

सकाळी तोहामसान डोंगराचा नागमोडी घाट चढताना मी उत्साहाने अयोध्येच्या राजकन्येचा विषय काढला. भारतातून समुद्रमार्गे येऊन किम्हेच्या राजाची राणी झालेल्या हो ह्वांग-ओकची गोष्ट तिथे भेटणारा प्रत्येक जण आम्हाला सांगत होता, तेव्हा बाईंनाही ती आवडेल असे मला वाटले. बाई हसल्या, पण मान हलवली. “ती गाया राज्याची गोष्ट. सिल्लाची नव्हे.” त्यांच्या आवाजात ‘आमची नव्हे’ असा स्पष्ट अभिमान होता, हजार-दीड हजार वर्षांपूर्वी मावळलेल्या दोन राज्यांमधली सीमारेषा त्यांच्यासाठी अजून पुसली गेलेली नव्हती. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आमच्याकडे तुमची एक निराळी गोष्ट आहे. पण ती गाडीत सांगण्याची नाही. तिला तिची जागा आहे. संध्याकाळी सांगेन.” मी हो म्हटले, आणि घाटातल्या लाल-पिवळ्या मेपलच्या झाडांकडे पाहण्यात ते विसरूनही गेले.

सॉक्कुरामच्या लेण्याकडे मातीची सपाट वाट जाते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि हवा स्वच्छ असेल तर दरीच्या टोकाला पूर्वसमुद्राची निळी रेघ. आपण लेण्यांच्या मुलखातली माणसे, त्यामुळे मनात आपोआप कार्ले, भाजे, अजिंठा जमा झाले होते. पण इथे सगळी रीतच उलटी. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा पाषाण कोरत कोरत आत शिरायचे. जे नको ते काढून टाकले की लेणे उरते. इथला ग्रॅनाइट तसा आत कोरत नेता येईल असा नाही. म्हणून आठव्या शतकातल्या सिल्लाच्या कारागिरांनी दगड घडवून डोंगराच्या कुशीत गोल गाभारा आणि त्यावर घुमट रचला, आणि वरून माती लोटून डोंगर पुन्हा मिटवला. लेणे कोरायचे नाही तर जुळवायचे! भारतातून वाळवंटे आणि पर्वत ओलांडत इथवर पोहोचलेली एक कल्पना, हातात आलेल्या दगडाप्रमाणे तिने आपली सगळी कृती बदलली आणि तरीही ती ओळखू येण्यासारखी राहिली, याचे मला फार अप्रूप वाटले. काचेपलीकडे भूमिस्पर्श मुद्रेत बसलेले बुद्ध होते. साडेतीन मीटर उंचीचा दगड असूनही उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर इतकी हलकी टेकलेली की आत्ताच ठेवली असावीत. काच आवश्यकच आहे. जपानी राजवटीत, १९१३ नंतर, हे लेणे उकलून दुरुस्तीसाठी सिमेंट काँक्रीटने वेढले गेले आणि तेव्हापासून आतल्या दमटपणाने लोकांची पाठ सोडलेली नाही. बुद्धांच्या मागे, आपल्या नजरेला अजिबात दिसणार नाही अशा जागी, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर भिंतीवर कोरलेला आहे. बाई काचेपाशी उभ्या राहून अगदी हळू आवाजात त्याचे वर्णन करत राहिल्या: वस्त्राच्या घड्या कुठून सुरू होतात, डाव्या हातातल्या कुंभातून कमळ कसे वर येते, मुकुटावरचे चेहरे कसे लहान होत गेले आहेत. वर्षातून एकदा, बुद्धजयंतीला, आत जाऊ देतात, तेव्हा त्या पाहून येतात म्हणे. समोर काच, काचेत आमचेच प्रतिबिंब, आणि न दिसणारे शिल्प त्यांच्या बोटांनी हवेत आकार घेत होते. ह्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटले, “त्यांना तो इथून दिसतो आहे.”

बुल्गुक्सा डोंगराच्या खाली. ७५१ मध्ये किम दे-सॉंग नावाच्या मंत्र्याने हे मंदिर या जन्मीच्या आईवडिलांसाठी आणि वरचे लेणे मागच्या जन्मीच्या आईवडिलांसाठी बांधायला घेतले, असे परंपरा सांगते. १५९३ मध्ये जपानी स्वारीत लाकडी इमारती जळाल्या, आज दिसतात त्या बऱ्याचशा १९६९ ते ७३ मध्ये उभ्या केलेल्या. दगडी चौथरे, जिने आणि दोन स्तूपमनोरे मात्र जुने. त्या चौथऱ्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला. खाली नदीतून उचलून आणावेत तसे ओबडधोबड धोंडे, आणि त्यांच्यावर बसणारा घडीव दगड खालच्या धोंड्याच्या प्रत्येक उंचवट्याप्रमाणे तासून बसवलेला. खालच्याला सरळ करण्याऐवजी वरच्याने वाकायचे. भूकंपात यानेच तग धरला असे बाई म्हणाल्या, आणि २०१६ च्या सप्टेंबरातली ती रात्र सांगू लागल्या: ५.८ तीव्रतेचा धक्का, जुन्या घरांच्या छपरांवरून धडाधड कोसळणारी कौले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शहरातले लोक आधी चॉमसॉंगदेचा जुना दगडी मनोरा उभा आहे ना ते पाहायला गेले. प्रांगणात दाबोताप मनोऱ्यावर दगडाचा एकच सिंह बसला आहे. पूर्वी चार होते. उरलेले तीन परक्या राजवटीत नाहीसे झाले. बाईंनी तीन रिकाम्या जागा बोटाने दाखवल्या; चौथ्याकडे बोट दाखवले नाही, तो आम्हाला दिसतच होता.

आता आठवताना कळते की दिवसभर त्या हेच करत होत्या.

दुपारी हिरव्या पानांत भात गुंडाळून खाण्याचे जेवण झाले. आम्ही शाकाहारी, म्हणून बाईंनी आधीच फोन करून मासळी टाळायला सांगून ठेवले होते, तरी टेबलावर वीसेक वाट्या आल्या. मग देरुंगवॉन. कोणत्याही छायाचित्राने त्या जागेची कल्पना येत नाही. शहराच्या मधोमध, दुकाने आणि बसथांब्यांच्या शेजारी, गवताने मढवलेले प्रचंड गोल उंचवटे एकामागून एक उभे आहेत, जणू जमिनीने श्वास आत घेऊन रोखून धरला आहे. त्या दिवशी कापणी झालेल्या गवताचा वास हवेत होता आणि दोन टेकड्यांच्या खोबणीत एकच झाड पिवळे पडत होते. यातल्या एका थडग्याच्या पोटात शिरता येते. चॉनमाचोंग, म्हणजे स्वर्गीय घोड्याची कबर. १९७३ पर्यंत तिला नावही नव्हते, केवळ १५५ हा क्रमांक होता. शेजारचे जोडथडगे खोदायचे होते, पण ते इतके मोठे की आधी एका लहानावर हात बसावा म्हणून हे उघडले, आणि त्यातून दहा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या: झाडाच्या फांद्यांसारखा आणि हरणाच्या शिंगांसारखा सोन्याचा मुकुट, त्याला लटकणारे हिरव्या जेडचे वाकडे मणी, आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला, शेपूट उधळत धावणारा पांढरा घोडा. हे सगळे चोरांपासून वाचले ते बांधण्याच्या रीतीमुळे. लाकडी कक्ष, त्यावर दगडगोट्यांचा ढीग, त्यावर मातीचा डोंगर. लाकूड कुजले की दगड आत कोसळतात आणि बोगदा काढणाऱ्याला वाटच राहत नाही.

“कोणाची कबर?” ह्यांनी विचारले. “माहीत नाही,” बाई म्हणाल्या, “म्हणून तर ‘चोंग’.” राजा कोण ते ठाऊक असेल तर थडग्याला ‘न्युंग’ म्हणायचे. राजेशाही थाट दिसतो पण नाव हरवले आहे, तर आत सापडलेल्या एखाद्या वस्तूवरून नाव द्यायचे आणि पुढे ‘चोंग’ लावायचे. सिल्लाची राजधानी इथे परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५७ पासून इ.स. ९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार वर्षे होती. इतक्या काळात राजांचीही नावे जमिनीत मिसळून जातात. हरवलेल्या नावाला हरवलेले म्हणून जपणारा शब्द एखाद्या भाषेत असावा, ही गोष्ट मी त्या थंड, अंधाऱ्या पोटातून बाहेर येईपर्यंत मनात घोळवत राहिले. बाहेर ऊन होते. गवतावर एक भारद्वाजासारखा लांब शेपटीचा पक्षी चालत होता. मला माझ्या आजोळची, पैठणची, टेकाडे आठवली, पण ते बाईंना सांगायचे राहिले.

चॉमसॉंगदे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सातव्या शतकात, राणी सॉनडॉकच्या कारकिर्दीत, तारे पाहण्यासाठी उभारलेला हा बाटलीसारखा दगडी मनोरा जेमतेम नऊ मीटर उंच आहे. दगडांचे सत्तावीस थर, आणि सॉनडॉक सिल्लाची सत्ताविसावी राज्यकर्ती. भोवती गुलाबी गवताची फुले होती आणि त्यात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची मोठी गर्दी. बाई आम्हाला गर्दीतून काढून पलीकडच्या झाडीत घेऊन गेल्या. ग्येरिम, म्हणजे कोंबड्याचे रान. झाडावर सोन्याची पेटी, खाली पांढरा कोंबडा आरवतो आहे, पेटीत बाळ. किम घराण्याचा मूळपुरुष. या रानावरून एके काळी सगळ्या राज्यालाच ग्येरिम म्हणत. झेल्कोव्हाची म्हातारी झाडे, काहींच्या पोकळ बुंध्यांना आधाराचे खांब दिलेले. तिथल्या एका बाकावर बसून बाईंनी ह्येचोची कथा सांगितली. सिल्लाचा हा तरुण भिक्षू आठव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रमार्गे भारतात गेला, बुद्धाची स्थाने पाहिली आणि दक्षिणेकडेही उतरला, जेव्हा आपल्या दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. परतताना मध्य आशियातून तो ७२७ मध्ये चीनच्या हद्दीत पोहोचला, आणि पुढचे आयुष्य त्याने चीनमध्येच घालवले. त्याच्या प्रवासवर्णनाची गुंडाळी १९०८ मध्ये चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडली. दक्षिण भारतातल्या वाटेवर त्याने एक कविता लिहिली आहे. बाईंनी ती आधी त्यांच्या भाषेत म्हटली, डोळे मिटून, आणि मग तुकड्यातुकड्याने अर्थ सांगितला: चांदण्या रात्री गावाकडच्या दिशेने पाहतो आहे, ढग तिकडेच निघाले आहेत, त्यांच्या हाती पत्र द्यावे तर वारा थांबायला तयार नाही, या उष्ण देशात रानहंसही नाहीत, मग माझ्यासाठी ग्येरिमकडे कोण उडत जाईल?

त्याच ग्येरिमच्या सावलीत आम्ही बसलो होतो. ढगाला निरोप्या करण्याची रीत आपल्याला परकी नाही. चालुक्यांच्या मुलखात कुठेतरी, कदाचित माझ्या ओळखीच्या माळावर, एका परक्या पोराने या झाडांची आठवण काढली असेल, या विचाराने घसा भरून आला. मुलगा परदेशी असलेल्या बाईला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. आणि मला वाटले, सकाळी कबूल केलेली ‘तुमची निराळी गोष्ट’ ती हीच.

संग्रहालयात राजा सॉंगडॉकची घंटा पाहिली. ७७१ मध्ये ओतलेली, जवळजवळ एकोणीस टन वजनाची. आता ती वाजवत नाहीत; जुने ध्वनिमुद्रण ठराविक वेळाने ऐकवतात. घंटा घुमेना म्हणून वितळत्या धातूत एक लहान मूल टाकले आणि तेव्हापासून तिच्या नादात ‘एमिल्ले’, म्हणजे आईला मारलेली हाक, ऐकू येते, अशी दंतकथा आहे. बाईंनी ती दोन वाक्यांत संपवली आणि म्हणाल्या, “मला ही गोष्ट आवडत नाही. पण सांगितली नाही तर आवाज नीट ऐकू येत नाही.” आवाज आला तेव्हा तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. थांबला असे वाटावे आणि पुन्हा लाटेसारखा उठावा, असे तीन-चार वेळा झाले. शेवटी तो संपला कधी, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच नेमके सांगता आले नसते.

त्यानंतर गाडीत बसलो, आणि बाईंनी विचारले, आणि मी नको म्हणाले.

वोल्जीला आम्ही वेळेत पोहोचलो. ६७४ मध्ये राजा मुनमूने खोदवलेले हे तळे खरोखर देखणे आहे. काठ असा वळवत नेलेला की कुठेही उभे राहा, सगळे तळे एका नजरेत मावत नाही, म्हणून ते समुद्रासारखे अथांग भासते. १९७५ मध्ये गाळ उपसताना तळाशी तीस हजारांवर वस्तू मिळाल्या, त्यात चौदा बाजूंचा एक लाकडी फासा होता. प्रत्येक बाजूवर मेजवानीतली एकेक शिक्षा कोरलेली: एका दमात तीन प्याले, संगीताशिवाय नाच, पिऊन मोठ्याने हसणे. मूळ फासा जतनासाठी वाळवताना जळून गेला, राहिली ती त्याची प्रतिकृती. सूर्य मावळला, मंडपांवर पिवळे दिवे लागले आणि पाण्यात दुसरी राजधानी उलटी उमटली. शेकडो माणसे काठाने सरकत होती, प्रत्येकाच्या हातात फोन. मीही पुष्कळ छायाचित्रे घेतली. ते मंडप अलीकडे नव्याने उभारलेले आहेत, हे बाईंनी विचारल्यावर सांगितले. एरवी त्या गप्प होत्या. उद्धटपणे नव्हे, विचारलेल्याचे उत्तर तत्परतेने देत होत्या. पण दिवसभर आमच्या चेहऱ्यांवर असलेली त्यांची नजर आता पाण्यावर होती. मला वाटले, दमल्या असतील. उल्सानला दारात सोडताना ह्यांनी खास त्यांच्यासाठी घेतलेली लाल घेवड्याच्या सारणाची ह्वांगनामची पोळी त्यांनी दोन्ही हातांनी स्वीकारली, कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि गेल्या.

पुण्याला परतल्यावर त्या छपरांच्या चित्राने मला स्वस्थ बसू दिले नाही. शोधत गेले तेव्हा कळले की ती न पाहिलेली जागा ह्वांग्न्योंगसा, पिवळ्या ड्रॅगनच्या विहाराची. राजा जिनहुंगने ५५३ मध्ये राजवाडा बांधायला घेतला, तिथे पिवळा ड्रॅगन दिसला म्हणून राजवाड्याचा विहार झाला. राणी सॉनडॉकने ६४५ मध्ये तिथे नऊ मजल्यांचा लाकडी मनोरा उभारला, भोवतालच्या नऊ शत्रूंसाठी नऊ मजले. उंची सुमारे ऐंशी मीटर. तो बांधण्यासाठी शत्रुराज्यातून, पेक्चेतून, आबिजी नावाचा सूत्रधार आणवला होता. मुख्य खांब उभा करायच्या दिवशी त्याला स्वप्नात आपल्याच देशाचा विनाश दिसला आणि त्याचा हात थांबला. मग धरणी हादरली, अंधारातून एक वृद्ध भिक्षू आणि एक बलदंड पुरुष बाहेर आले, त्यांनी खांब उभा केला आणि ते नाहीसे झाले. आबिजीने पुढचे काम पूर्ण केले. काय मनाने केले असेल? जी इमारत उभी राहिली तर आपले घर पडणार, तिचे एकेक तुळवट आपल्याच हाताने बसवायचे. १२३८ मध्ये मंगोलांच्या स्वारीत सगळे जळाले. आता तिथे गवत आहे आणि मनोऱ्याच्या खांबांखालचे चौसष्ट दगड.

आणि दुसरे तीन दगड. ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात इर्यॉन नावाच्या भिक्षूने लिहून ठेवले आहे की भारतातल्या अशोक राजाला बुद्धाची मूर्ती ओतायची होती, पण काही केल्या ती साधेना. तेव्हा त्याने सगळे लोखंड आणि सोने एका जहाजावर चढवले, सोबत मूर्तींचे नमुने ठेवले, आणि ज्या भूमीत ही घडेल तिथे जा, असे म्हणून ते समुद्रात सोडून दिले. जहाज देशोदेशी फिरले, कोणालाच मूर्ती जमली नाही. शेवटी ते सिल्लाच्या किनाऱ्याला लागले आणि ५७४ मध्ये ह्वांग्न्योंगसात ती मूर्ती एका प्रयत्नात ओतली गेली. अशोक आणि हा विहार यांच्यात आठशे वर्षांचे अंतर आहे, हे इर्यॉनच्या कथेने मनावर घेतलेले नाही; जहाज तेवढा काळ पाण्यावर होते, एवढेच. मूर्ती गेली. मूर्ती ज्यांवर उभी होती ते दगड, पायांच्या खुंट्यांसाठी पाडलेल्या खाचांसकट, अजून तिथे आहेत. तिला तिची जागा आहे, संध्याकाळी सांगेन, असे बाई म्हणाल्या होत्या. ही ती गोष्ट. त्यांनी तिच्यासाठी दिवसाचा शेवट राखून ठेवला होता, आणि मी नको म्हटल्यावर एका शब्दानेही सकाळची आठवण करून दिली नाही. ‘तिथे काहीच नाही’ हे त्यांचे वाक्य मी सूचना म्हणून ऐकले. ते निमंत्रण होते.

मला हे कळायला हवे होते, कारण मी ते वाक्य लहानपणी शेकडो वेळा ऐकले आहे. पैठणला आजोबांकडे पाहुणे यायचे, नाथांच्या वाड्यात जायचे, गोदेत पाय बुडवायचे, बायका पैठण्या पाहायच्या. सगळे आटोपले की आजोबा धोतराचा सोगा सावरत विचारायचे, “अजून अर्धा तास आहे का? नदीकाठच्या टेकाडांवर जाऊन येऊ. तिथे काही नाही तसे.” सातवाहनांची राजधानी होती आमचे गाव, तिथल्या एका भागाला लोक पालथी नगरी म्हणतात. पहिल्या पावसानंतर माती धुपली की खापऱ्या आणि बारीक मणी वर येत. एखादाच पाहुणा यायचा. बहुतेक जण घड्याळाकडे पाहायचे आणि म्हणायचे, “पुढच्या वेळी नक्की.” मी आजोबांचे बोट धरून उभी असायची. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी कधी दिसली नाही, फक्त हातातली माझ्या बोटांवरची पकड किंचित सैल व्हायची. पाहुणे गेल्यावर ते मला एकटीला घेऊन तिथे जात आणि पाहुण्यांना सांगायचे ते सगळे मला सांगत. सात-आठ वर्षांच्या मुलीला त्यातले निम्मेही कळत नसे, पण त्यांना कोणाला तरी सांगायचे असे, आणि मी तिथे असे. वोल्जीच्या काठावर बाईंच्या शेजारी कोणीच नव्हते.

बाईंना पत्र लिहावे असे पुष्कळदा वाटले. मुलाकडून पत्ता मिळवला, दोनदा लिहायलाही बसले. क्षमा मागावी तर त्यांनी तक्रार कुठे केली होती? त्या दिवशीचे काम त्यांनी चोख केले, त्यांना त्याचे पैसे मिळाले. व्यवहार पुरा झाला होता. जे राहिले ते व्यवहाराच्या बाहेरचे होते, आणि ते पत्रात कसे मांडावे हे मला उमगले नाही. शेवटी चार ओळी लिहिल्या: गोष्ट आता वाचली आहे, पण ती तुमच्या तोंडून, तिच्या जागेवर ऐकायची होती. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. दगड कुठे जाणार नाहीत, गवत वसंतात फार हिरवे असते, असे त्यांनी लिहिले होते.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला. मी एवढे लावून धरले होते म्हणून तो बस पकडून एकटाच ह्वांग्न्योंगसाला गेला होता. कॅमेरा त्याने भोवती फिरवून दाखवला. लांबवर डोंगर, अफाट हिरवे माळरान, मधे ओळीने मांडलेले दगड, आणि फोनमध्ये शिरणारा वारा. एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन पलीकडून चालत होते. “आई, इथे खरंच काही नाही गं,” तो म्हणाला. मी त्याला म्हटले, मागे जा, देवळाच्या जागेत तीन मोठे दगड असतील, वरून खाचा पाडलेले. तो चालत राहिला, त्याच्या बुटांखाली ओले गवत चुरचुरत होते. मग पडद्यावर दगड आले. रात्रीच्या पावसाचे पाणी खाचांमध्ये साचले होते आणि त्यात आभाळाचा एकेक तुकडा होता. “सापडले,” तो म्हणाला, “आता?”

“आता तिथेच बस जरा,” मी म्हणाले. “तुझ्या उल्सानच्याच किनाऱ्याला एक जहाज लागलं होतं, आपल्याकडून निघालेलं.”